मागं खाली हाये

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. पुढं भांडण आहे. त्यात कोणाची बाजू घ्यायची ते ज्याचं त्यानं ठरवावं, पण माझी घेतली तर बरं.

मी दिघोरीची. आमच्या घरामागं धान, घरापुढंही धानच. बारावीनंतर भंडाऱ्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या इंजिनिअरिंगला लागले तेव्हा आईला एकच काळजी होती, आणि ती माझ्या अभ्यासाची नव्हती. दिघोरीहून साकोली, साकोलीहून भंडारा, अशा दोन गाड्या करायच्या आणि दोन्ही खचाखच भरलेल्या. म्हणून मी फोन केला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "जागा भेटली का?" जेवलीस का, पोचलीस का, हे सगळं नंतर. हॉस्टेलच्या यादीत नाव लागलं तेव्हाही तिनं तेच विचारलं. पुढं पुढं तर परीक्षेचा पेपर देऊन फोन केला तरी सवयीनं तेच तोंडातून जायचं आणि मग आपली आपणच हसायची.

या गोष्टीत दुसरी आहे ती माझी मैत्रीण. ती जवाहरनगरची, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टरमधली. वडील आधी पुण्याकडं देहूरोडला होते, बदली होऊन इकडं आले. कॉलेजच्या पहिल्या दिवशी ती तोंड पाडून पहिल्या बाकावर बसली होती. मी आपलं विचारलं, "काहून आली तू या ब्रँचले?" म्हणजे, का आलीस. ती म्हणाली, "देहूरोडहून." मी म्हटलं, "ते नाही विचारलं, काहून आली?" तर ती जरा मोठ्यानं, मी बहिरी असल्यासारखी, "देहू-रोड-हून!" झालं. आमची ओळख अशी झाली. मग आठवडाभर ती मला 'मले' नको, 'मला' म्हण असं शिकवत होती आणि मी तिला सांगत होते की माझं 'मले' माझ्या आईकडून आलंय, तुझ्याकडून दुरुस्त करून घ्यायला नाही. तरी जमलं आमचं. तिच्या डब्यात रोज दुसऱ्याला पुरेल एवढं असायचं, हेही त्याचं एक कारण.

तिसऱ्या वर्षी डिजिटल आयसी डिझाइन, म्हणजे चिप कशी बनवायची, हा विषय आला आणि मी पिसाळले म्हटलं तरी चालेल. पहिल्याच तासाला सरांनी टीव्हीचा जुना रिमोट फोडून टेबलावर ठेवला. आतल्या काळ्या चिपवर खडू टेकवून म्हणाले, "यात कोणी बसलेलं नाही. यात फक्त 'हो' आहे आणि 'नाही' आहे." एवढ्यावर बेरीज होते, एवढ्यावर आठवण राहते, एवढ्यावर फोन चालतो! मी मागून मोठ्यानं म्हणाले, "बापा बापा!" सगळा वर्ग हसला. मला काही वाटलं नाही. ज्यांना आश्चर्य वाटलं नाही त्यांचीच मला कीव आली.

आणि नंतर कळलं की चिप लिहितात. हो, चक्क लिहितात, कॉम्प्युटरवर, मजकुरासारखी. पण साध्या प्रोग्राममध्ये ओळी एकामागून एक चालतात आणि इथं लिहिलेलं सगळं एकाच वेळी चालतं. आत एक घड्याळ असतं. ठोका पडला की सगळे भाग एकदम एक पाऊल टाकतात. वर्गाच्या हे काही केल्या पचनी पडेना. मला लगेच कळलं. धानाच्या रोवणीला बाया ओळीनं वाकलेल्या असतात आणि सगळ्या मिळून मागं सरकतात. एखादी पुढंच राहिली की ओळ मोडलीच. मी दर सुट्टीत त्या ओळीत असायचे. सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "हे उदाहरण पुढच्या वर्षी मी माझं म्हणून सांगणार." तेव्हापासून मला जेवताना, आंघोळीला जाताना, साकोली स्टँडवर गाडीची वाट बघताना हेच सुचायचं. बाई गं, काय दिवस होते ते! डोकं नुसतं उकळत होतं.

शेवटच्या वर्षी खरी गंमत आली. देशभरच्या कॉलेजांची छोटी छोटी डिझाइन एकाच चिपवर बसवून कारखान्यातून छापून आणायची एक सोय असते. आमच्या कॉलेजच्या वाट्याला त्या चिपवर एक जागा आली. एकच. सरांनी ती आम्हा दोघींना दिली, पण अट घालून. सोमवारी दुपारी एकपर्यंत डिझाइन बिनचूक चालून दाखवायचं. नाहीतर ती जागा दुसऱ्या गटाला, ज्यांचं एकामागून एक दिवे लावायचं डिझाइन केव्हाचं तयार होतं. आम्ही लिहिलेलं काहीतरी खरोखरच्या चिपमध्ये जाणार, हातात धरता येणार, या विचारानं मला त्या आठवड्यात भूकच लागत नव्हती.

आमची चिप रांग सांभाळणारी होती. धान खरेदी केंद्रावर बाबांच्या टोकनचा नंबर मागं-पुढं झाला की घरात जो तमाशा व्हायचा, त्यातून मला ती सुचली. पंधरा टोकनं आत राहतील, जो आधी आला तो आधी बाहेर, मधे घुसायला वावच नाही. दोन बटणं, दोन दिवे.

आतल्या तारांना नावं द्यावी लागतात. सगळे इंग्रजी नावं देतात. मी म्हटलं, रांग आपली, टोकन आपलं, नावंही आपली. वहीत चार शब्द लिहिले: टाकला, काढला, भरला, खाली. सर म्हणाले, "यंत्राला फरक पडत नाही. पण चुकलात तर मी म्हणेन, सांगितलं होतं." मी म्हटलं, म्हणा.

काम वाटून घेतलं. रांगेत किती जण आहेत तो आकडा मोजायचा भाग, म्हणजे काउंटर, तिचा. बाकी रांग माझी. दोघींनी आपापला भाग कॉम्प्युटरवर वेगवेगळा चालवून पाहिला. दोन्ही एकदम चोख. शुक्रवारी दोन्ही जोडले. जोडणं सोपं असतं, सारख्या नावाची तार सारख्या नावाला लागते. मी चालवलं.

चिप चालू झाली. रांगेत एकही टोकन नव्हतं. आणि 'भरला'चा दिवा लागला.

पहिल्या ठोक्याला आकडा शून्य, दुसऱ्या ठोक्याला पंधरा, आणि तिथंच ठाण मांडून बसला. एकही माणूस आलेला नाही आणि आमची चिप म्हणते, जागा नाही, घरी जा! परत चालवलं, तेच. पडद्यावर एवढं दिसत होतं की 'खाली'च्या तारेवर 'हो' आलं की तिचा काउंटर शून्यावरून एक उतरतो. आणि शून्याच्या मागं आकडा नसतो, म्हणून तो फिरून सगळ्यात मोठ्या आकड्यावर, पंधरावर, जाऊन बसतो.

"तू 'खाली' कशाला पाठवतेस?" ती म्हणाली.

"खाली आहे म्हणून पाठवते!"

"अगं, पण अजून कोणी काही काढलंच नाही. मग खाली कसं?"

"कोणी टाकलंच नाही, म्हणून खाली!"

"टाकलं तर वर जाईल ना? खाली कशाला जाईल?"

मला वाटलं हिला वेड लागलं. तिला माझ्याबद्दल तेच वाटत होतं. मी रागावले की पुस्तकातली मराठी आपोआप गळून पडते. मी ओरडले, "तुयं डोकं खाली हाये का वं?"

"माझं डोकं ताठ आहे," ती थंडपणे म्हणाली. "खाली घालायची वेळ तुझ्यावर येणार आहे. सर सांगत होते, साधी इंग्रजी नावं द्या. तुझ्या हट्टापायी आपली जागा जाणार."

आता बोला! नाचता येईना अंगण वाकडं. स्वतःचा काउंटर उतरतोय आणि दोष माझ्या शब्दांना. पण खरं सांगते, ते वाक्य मला आत कुठंतरी लागलं. म्हणजे चार वर्षं झाली तरी माझं 'मले' तिच्या कानाला टोचतच होतं तर. मी लॅपटॉप आपटून बंद केला आणि हॉस्टेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले. शनिवारी आम्ही दोघींनी आपापली फाइल शंभरदा तपासली, वेगवेगळ्या बाकांवर बसून, एक शब्द न बोलता. कुठंच चूक नव्हती. सोमवार दुपारला दोन दिवस उरले होते.

रविवारी ती आमच्या घरी जेवायला येणार हे आधीचंच ठरलेलं. मी आईला फोनवर म्हटलं, ती नाही येणार आता. आईनं काय करावं? सरळ तिलाच फोन लावला. "तुमी दोघी भांडल्या म्हणे. भांडा. पण मी लाखोळीचे वडे करून राहिली, तू जेवाले ये." माझ्या आईला नाही म्हणायची सोय नसते.

म्हणून रविवारी सकाळी आम्ही भंडाऱ्याहून एकाच गाडीत बसलो, मी पुढं, ती मागं. साकोलीला उतरलो, दिघोरीवरून जाणाऱ्या लाखांदूरच्या गाडीत चढलो, तोंडं दोन दिशांना. गाडी दारापर्यंत भरलेली. कंडक्टर आपला ओरडतोय, "मागं चला, मागं चला, मागं खाली हाये!" मी घुसून कशीबशी एक जागा धरली. ती दाराजवळच उभी, एका हातानं दांडा धरून. कंडक्टर तिला म्हणाला, "ओ ताई, वाट कायले अडवून राहिल्या? मागं खाली हाये, बसा न तिथं."

ती मागं गेली. दोन सीटच्या मधली धूळ, कोणाचं तरी पोतं, सांडलेली शेंगांची टरफलं, असं सगळं तिनं वाकून नीट पाहिलं. मग ताठ उभी राहिली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"सांग त्यांना. मी खाली बसणार नाही."

"अवो ताई!" कंडक्टर कपाळाला हात लावून म्हणाला. "खाली कोण बसवून राहिलं तुमाले? सीट खाली हाये, सीट! ती पाहा खिडकीची!"

अख्खी गाडी हसली. मीही हसले, चांगली पोट धरून, कारण मला तिच्यावर सूड उगवायचाच होता. आणि हसता हसता माझं तोंड उघडंच राहिलं. मी तिच्याकडं पाहिलं. ती खिडकीच्या रिकाम्या सीटकडं बघत होती.

"खाली म्हणजे..." ती म्हणाली.

"खाली म्हणजे रिकामं!" मी किंचाळले. "तू काय समजत होतीस?"

"खाली म्हणजे खाली! वर आणि खाली! टाकला की आकडा वर, आणि तू 'खाली' पाठवलंस की आकडा खाली!"

"मंग 'काढला' कायले लिहिला होता मी वहीत?"

"मला वाटलं तो तुझ्या रांगेचा आतला काहीतरी आहे!"

म्हणजे बघा. रांग रिकामी असली की माझा भाग इमानदारीत सांगायचा, 'खाली'. तिचा काउंटर तितक्याच इमानदारीत एक पायरी उतरायचा. दोघांनीही सांगितलेलं ऐकलं होतं. यंत्राची काय चूक? काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी म्हटलं, "पण तुला हिंदी येते ना? क्वार्टरमध्ये सगळे हिंदीच बोलतात."

"हिंदीत कळतं गं मला! पण समोरचा मराठी बोलत असला की माझ्या डोक्यात 'खाली' म्हणजे जमिनीकडंच जातं."

ती खिडकीशी बसली, मी माझी जागा सोडून तिच्या शेजारी घुसले. गाडी सुटली. मी लॅपटॉप मांडीवर उघडला, तिनं तिची फाइल काढली, आणि 'खाली'च्या जागी 'काढला' लिहिलं. एक शब्द. तेवढ्यात खड्डा आला आणि तिच्या बोटानं भलतंच काही उमटलं. ते पुसून परत लिहिलं. मग चालवलं.

चिप चालू झाली. आकडा शून्य, आणि शून्यावरच राहिला. 'खाली'चा दिवा लागला. तीन टोकनं टाकली, दिवा विझला. पहिलं आलं ते पहिलं बाहेर, दुसरं, तिसरं. पुन्हा 'खाली'. आम्ही दोघी एकदम ओरडलो. मी तिच्या गळ्यात पडले आणि लॅपटॉप पडता पडता राहिला. तिकिटं फाडत आलेला कंडक्टर म्हणाला, "काय झालं वं पोरीहो, लॉटरी लागली का?"

"तुमच्यामुळं आमची चिप वाचली, काका!" ती म्हणाली.

त्याला चिप्सची पुडी वाटली. पोरींच्या खाण्यात आपलं कसलं श्रेय, असा चेहरा करून तो पुढं गेला.

घरी आई विहारातून नुकतीच आली होती. आम्हाला हातात हात घालून उतरलेलं पाहून म्हणाली, "भांडल्या होत्या न? मंग वडे कोणासाठी जास्तीचे केले मी?" तिला वाटलं होतं एक रुसून जेवणार नाही आणि दुसरी रागानं दुप्पट जेवेल. आम्ही दोघींनीही दुप्पट खाल्ले.

सोमवारी साडेअकरालाच आम्ही सरांपुढं उभ्या. त्यांनी पंधरा टोकनं टाकली, सोळावं टाकलं. ते चिपनं घेतलं नाही. उलटसुलट बटणं दाबून पाहिली. मग म्हणाले, "पास. आता मधे काय झालं होतं ते सांगा." सांगितलं. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. आणि हसून झाल्यावर म्हणाले, "म्हणून म्हणत होतो. तास-दीड तास आहे अजून. नावं बदला. एम्प्टी, फुल, जगात सगळीकडं चालतात ती."

मला खोटं सांगता येत नाही, मी घाबरले होते. इतकं जवळ आल्यावर कोण हट्ट करणार? मी मुकाट्यानं म्हणाले, "बदलते, सर."

"नाही बदलायची," मैत्रीण म्हणाली.

मी तिच्याकडं पाहतच राहिले. जिनं मला 'मला' म्हणायला शिकवायचा विडा उचलला होता, ती! तिचे कान लाल झाले होते. "सर, शब्दाची चूक नव्हती. मी चार वर्षं इथं राहते आणि मी अर्थ विचारला नाही, ती चूक. शब्द राहू दे."

"आणि कोणी परक्यानं वाचलं तर?"

"तर त्याला सांगू." तिनं लॅपटॉप ओढून घेतला. लिहिताना ओळीच्या वर टीप टाकता येते; यंत्र ती वाचत नाही, माणसं वाचतात. तिनं तिथं टाइप केलं: 'खाली म्हणजे रिकामं. जागा आहे, या. हा अर्थ साकोली-लाखांदूर गाडीच्या कंडक्टरकडून.'

सरांनी ते दोनदा वाचलं. "पाठवा," म्हणाले.

मी पटकन फाइल पाठवायचं बटण दाबलं. तिच्याकडं आणखी पाहिलं असतं तर रडले असते, आणि मला सरांपुढं रडायचं नव्हतं.

मग कितीतरी महिने वाट पाहणं. चिप छापून यायला वेळ लागतो; तोवर परीक्षा झाली, निकाल लागला, आम्ही कॉलेजच्या बाहेरही पडलो. एक दिवस सरांचा फोन आला, "या, डबी आली." मी तशीच निघाले. संध्याकाळच्या गाडीनं परत येते असं आईला सांगून.

हिरव्या बोर्डवर बसवलेली नखाएवढी काळी चिप. त्यात कितीतरी कॉलेजांची डिझाइन, आणि त्यात एका कोपऱ्यात आमची रांग. कॉम्प्युटरवर चुकलं तर पुसता येतं, छापलेली चिप पुसता येत नाही. चालू केल्यावर 'भरला' लागला तर तो जन्मभर 'भरला'च. मैत्रिणीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "दाब," ती म्हणाली.

मी बटण दाबलं.

'खाली'चा दिवा लागला. लाल, बारका, मोहरीच्या दाण्याएवढा. सर टाळ्या वाजवायला लागले. आणि माझी देहूरोडची मैत्रीण, तोंडाशी हाताचा कर्णा करून, त्या कंडक्टरच्या आवाजात, लॅबभर ओरडली, "मागं खाली हाये! बसा न, बसा!" एकही उच्चार चुकला नाही तिचा.

मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. मी आईला फोन लावला. काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, काही ठरवलं नव्हतं. पलीकडून नेहमीचा आवाज आला. तिला वाटलं मी गाडीतूनच बोलतेय.

"निघाली का? जागा भेटली का?"

"भेटली, आई," मी म्हणाले. "दोघींले भेटली."